त्या दहा आठवड्यांची हवा : महापालिका आयुक्तांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि
माननीय सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

सविनय नमस्कार.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. मी चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या सकाळी गुढी उभारण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे गॅलरीचा कठडा पुसून घेतला. जुन्या पंच्याचा ओला तुकडा कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला की तो काळा होतो, हे चेंबूरमधल्या कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे आणि निवृत्त झाल्यावरही रोजच्या वहीत हवामानाच्या दोन ओळी लिहिण्याची सवय सुटलेली नाही. त्या वहीत २५ मार्चसमोर ‘फडके काळे’ असे लिहिले आहे. ९ एप्रिलसमोर ‘राखाडी’ असा शब्द आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी लिहिले आहे, ‘फडके नुसत्या पाण्याने खळबळले तरी निघते, साबण लागला नाही.’

याच वहीत १४ एप्रिलची आणखी एक नोंद आहे. आमच्या गच्चीवरून पूर्वेला खाडीपलीकडे खारघरचा डोंगर दिसतो, पण एरवी तो सकाळी पुसट दिसायचा आणि ऊन चढले की नाहीसा व्हायचा. त्या दिवशी अकरा वाजता मला त्याच्या उतारावरच्या घळी मोजता आल्या. माझ्या यजमानांना दम्याचा त्रास आहे आणि त्यांच्या पंपाच्या वेळा मी समासात लिहून ठेवते. त्या एप्रिलमध्ये पहाटेच्या खुणा कमी झाल्या, मे महिन्यात आणखी विरळ झाल्या. ते घराबाहेर पडत नव्हते, तेव्हा याचे सगळे श्रेय हवेला देता येणार नाही, एवढे भान मला आहे. पण पहाटे चारला उठून खुर्चीत बसणारा माणूस सहापर्यंत झोपू लागला, तर घरातल्या माणसाला ते कळल्यावाचून राहत नाही.

माझी वही म्हणजे शास्त्र नव्हे. शास्त्राची वही आपल्याकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ या हवा मोजण्याच्या प्रकल्पात कुलाबा, माझगाव, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, मालाड, बोरिवली, भांडुप, चेंबूर अशा ठिकाणी उभारलेली केंद्रे आहेत, मंडळाची स्वतःची केंद्रे आहेत आणि आपणच नेमलेल्या तज्ज्ञ संस्थांचे अभ्यासही आहेत. शहरातली माणसे घरात असताना ही यंत्रे रस्त्यावरची हवा मोजत होती. हे पत्र मी त्या नोंदींसाठी लिहीत आहे. टाळेबंदीच्या त्या दहा आठवड्यांत या शहराने इच्छा नसताना जे पाहिले, त्याचा उपयोग आपल्या नियोजनात ठळकपणे झालेला मला दिसत नाही, आणि तो व्हावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

या नोंदी सावधपणे वाचाव्या लागतात, हेही आधीच मान्य करते. मार्चनंतर मुंबईची हवा दरवर्षीच थोडी निवळते. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा रेंगाळतो, दुपारचा खारा वारा उशिरा सुरू होतो, हवेचा थंड थर खाली बसतो आणि त्यातच धूळ-धूर कोंडतो. उन्हाळ्यात जमीन तापली की हा थर उंच जातो, खाऱ्या वाऱ्याला जोर येतो आणि घाण पांगते. म्हणून जानेवारी २०२० च्या आकड्यांशेजारी एप्रिल २०२० चे आकडे ठेवून आनंद मानणे बरोबर नाही. एप्रिलची तुलना आधीच्या वर्षांच्या एप्रिलशीच केली पाहिजे. रोहित पक्ष्यांविषयी त्या वेळी जे बोलले गेले, त्यातही हाच दोष होता. ठाण्याच्या खाडीत आणि नवी मुंबईच्या पाणथळींत गुलाबी थवे दिसले आणि निसर्ग परतला असे संदेश घरोघर फिरले. ते पक्षी दर हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ते टाळेबंदीची वाट पाहत बसले नव्हते. त्यांच्याकडे पाहायला त्या वर्षी आपल्याला सवड होती, हा मुख्य फरक.

तरीही एवढे सगळे वजा करून जे उरते, ते थोडके नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या उपग्रहाने त्या वसंतात मुंबई आणि दिल्लीवरच्या नायट्रोजन डायऑक्साइडची पातळी आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी खाली आल्याचे टिपले. हा वायू प्रामुख्याने वाहनांच्या इंजिनातून आणि वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून येतो आणि हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे उगम थांबला की तो फार दिवस मागे राहत नाही. पंजाबात जालंधरच्या गच्च्यांवरून हिमाचलातल्या धौलाधार रांगेची हिमशिखरे दिसली, ती याच काळात. नदी नासली तर तिचा गाळ निवळायला वर्षे जातात, जमीन नासली तर पिढ्या जातात. हवा मात्र आपण सोडली की आठवड्यांत सावरते. मी अनेक वर्षे वर्गात हे पुस्तकातून शिकवले. खरे होताना ते पहिल्यांदा २०२० मध्ये पाहिले.

दुसरी गोष्ट चेंबूरच्या माणसाला अधिक जवळची आहे. टाळेबंदीत सगळे बंद नव्हते. तेलशुद्धीकरण चालू होते, वीजनिर्मिती चालू होती, अत्यावश्यक ठरलेले कारखाने चालू होते, घरोघरी चुली आणि गॅस पेटत होते, कुठे कुठे कचराही जळत होता. गाड्या आणि बांधकामे जवळजवळ शून्यावर आली होती. म्हणजे त्या दिवसांत हवेत जे उरले, ते गाड्यांचे आणि बांधकामांचे नव्हते. एरवी दहा उगमांचा धूर एकमेकांत मिसळतो आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या दहा आठवड्यांत त्यांतले दोन मोठे उगम बाजूला काढून ठेवले गेले होते. माहुल, ट्रॉम्बे आणि चेंबूर या पट्ट्याला कित्येक वर्षे लोक ‘गॅस चेंबर’ म्हणत आले आहेत. या पट्ट्यात उद्योगांचा वाटा किती आणि रस्त्याचा किती, हे कळण्यासाठी याहून स्वच्छ संधी कोणत्याही शास्त्रज्ञाला मागूनही मिळाली नसती. केंद्रागणिक, तासागणिक नोंदी मांडल्या तर हे उत्तर निदान ढोबळमानाने तरी मिळेल. ते उत्तर कोणाच्याही विरुद्ध गेले तरी ते प्रसिद्ध झाले पाहिजे.

ओझोनचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो गैरसोयीचा असला तरी लपवण्यासारखा नाही. टाळेबंदीत देशातल्या काही शहरांत श्वासाला घातक असलेला जमिनीलगतचा ओझोन वाढला. गाड्यांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोनला खाऊन टाकतो. तो कमी झाला, ऊन प्रखर होते आणि उन्हात ओझोन तयार व्हायला मदत करणारी पेट्रोलच्या वाफा व द्रावकांसारखी इतर द्रव्ये हवेत होतीच. तेव्हा एकच वायू आवरून भागत नाही. हे सगळे एकत्र पाहणारी योजना हवी आणि ती आखण्याइतके ज्ञान आपल्या मंडळाकडे आहे.

आता एक गोष्ट मला फार स्पष्टपणे सांगायची आहे. ‘हवेसाठी टाळेबंदीच बरी होती’ असे म्हणणारे लोक मला भेटतात आणि त्यांच्यापुढे मला गप्प बसवत नाही. त्या स्वच्छ हवेची किंमत माझ्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने दिली नाही. ज्यांचा रोज बुडाला त्यांनी ती दिली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून रूळ धरून गावाकडे चालत निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले होते. रुळांमध्ये पडलेल्या त्यांच्या भाकऱ्या आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिल्या आहेत. त्या आठवड्यात खारघरचा डोंगर स्वच्छ दिसत होता. मी वहीत तशी नोंद केली होती. संध्याकाळी करमाडची बातमी ऐकल्यावर त्या नोंदीखाली पुढे काही लिहिणे मला जमले नाही. ते पान तसेच अर्धे आहे.

म्हणून माझे मागणे ‘बंद करा’ असे नाही. उलट आपल्या कारभारात बंद करण्याची जी सवय वाढीला लागली आहे, तिचाच मला घोर आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फार बिघडली. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये महापालिकेने हवा प्रदूषण निवारण आराखडा आणला, ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. या सूचना चांगल्या आहेत, हे मी मनापासून म्हणते. भूखंडाभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, माल उतरवताना पाण्याचे फवारे, झाकलेले डंपर, बाहेर पडणाऱ्या गाडीचे टायर धुण्याची सोय : त्यात एकही गोष्ट अवाजवी नाही. त्यानंतरही ३० डिसेंबर २०२४ रोजी बोरिवली पूर्व आणि भायखळा या भागांतली सगळी बांधकामे थांबवण्याची वेळ आली, कारण हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय, जो चढला की हवा बिघडली) २०० च्या वर गेला होता. काही दिवसांनी हवा सुधारली आणि बंदी उठली. यात आपला हेतू योग्य होता. पण ही टाळेबंदीचीच लहान आवृत्ती आहे. ज्याने नियम पाळले तोही थांबला आणि ज्याने पाळले नाहीत तोही. रोज बुडाला तो पुन्हा बिगाऱ्याचा आणि गवंड्याचा. असा बंद उठल्यावर कंत्राटदाराला राहिलेले काम भरून काढण्याची घाई होते, आणि धूळ उडते ती घाईतच.

आमच्या गल्लीत समोरच्या भूखंडावर पुनर्विकास चालू आहे. कोणाचे काम आहे ते मी येथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. आमच्याही सोसायटीने पुनर्विकासाला होकार दिला आहे, त्यावर माझी सही आहे, आणि उद्या आमच्या भिंती पाडल्या जातील तेव्हा ती धूळ दुसऱ्या कोणाच्या कठड्यावर बसणार आहे. समोर पत्रे आहेत, उंचीही ठीक असावी. दर्शनी बाजूचे हिरवे कापड नवे आहे. मागच्या बाजूचे फाटून दोऱ्यांवर लोंबते. गेटपाशी टायर धुण्यासाठी उतरता हौद बांधलेला आहे. गेल्या मे महिन्यात मी जाता-येता अकरा वेळा त्यात डोकावले. दोन वेळा त्यात पाणी होते, बाकी वेळा तो कोरडा होता आणि त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रचलेल्या होत्या. सकाळी वॉचमन पाइपने गेटसमोरचा रस्ता भिजवतो. उन्हात तो अर्ध्या तासात सुकतो. मग राडारोड्याचा डंपर निघतो, त्याच्या चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर पडतो, वाळतो, आणि पुढच्या दहा गाड्या तो दळून पीठ करतात. जिला आपण रस्त्याची धूळ म्हणतो, तिच्यातला केवढा तरी भाग असा गेटमधून बाहेर आलेला असतो. रस्ते धुण्याचे टँकर त्याच्या मागे धावत राहतात, पण गेटवर चाक धुतले असते तर त्या टँकरचे निम्मे काम वाचले असते.

त्या पत्र्यांच्या आत मजुरांची खोपटी आहेत. तिथली एक बाई दुपारी दारात बसून पोराला भरवते. डंपर वळताना दिसला की ती आधी ओढणीचे टोक पोराच्या तोंडावर धरते, मग ताटलीवर ताट पालथे घालते, आणि डंपर गेला की दोन्ही काढून पुन्हा घास करते. हे तिच्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की ती डंपरकडे बघतही नाही. या शहरात बांधकामाची धूळ कोण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खातो, हे मला तिच्याकडे पाहून कळले. २०२० मध्ये हेच लोक पायी गावी गेले होते. धूळ आवरण्याचे नियम त्यांच्यासाठी आधी आहेत, आमच्या कठड्यांसाठी नंतर.

या सूचनांचे पालन होते की नाही, हे त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसले पाहिजे, अशी माझी पहिली विनंती आहे. प्रत्येक बांधकामाच्या गेटवर परवानगीचा फलक असतोच. त्याच फलकाशेजारी त्या जागेवरची हवा मोजणाऱ्या संवेदक यंत्राचा चालू आकडा, शेवटच्या पाहणीची तारीख आणि पाहणीत काय आढळले ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावे. पाहणी नोव्हेंबरात सुरू न करता पाऊस ओसरताच सुरू करावी. ऑक्टोबरमध्ये वारे पडतात हे आपल्याला दरवर्षी माहीत असते, तर मग तयारी निर्देशांक चढल्यावर का व्हावी? आणि कारवाई विभागनिहाय सरसकट न करता जागानिहाय करावी, म्हणजे नियम पाळणाऱ्याचे काम आणि त्याच्या मजुरांचा रोज चालू राहील.

दुसरी विनंती नोंदींची. ज्या केंद्रांकडे आधीच्या वर्षांची माहिती आहे, त्या प्रत्येक केंद्रासाठी २५ मार्च ते ३१ मे २०२० हा काळ आणि आधीच्या व नंतरच्या वर्षांतले तेच आठवडे शेजारी शेजारी मांडून साध्या मराठीत प्रसिद्ध करावेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, आणि प्रदूषण किती घटवायचे हे २०१७ हे वर्ष पायाभूत धरून ठरवले आहे. घट कोठून मोजायची ती वरची खूण यातून मिळाली. खालची खूण आपल्याला २०२० च्या त्या आठवड्यांनी दिली आहे. आपल्या देशात सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःची शिफारस २०२१ मध्ये ५ वर आणली. या दोन आकड्यांच्या मध्ये चेंबूरने किंवा मालाडने कोठवर पोचायचे, यावर केवळ कागदावर वाद घालण्यापेक्षा गाड्या आणि बांधकामे थांबली तेव्हा तेथे प्रत्यक्ष किती आकडा दिसला, हे समोर ठेवून बोलणे सर्वांनाच सोपे जाईल.

काहीही बंद न करता हवा सुधारता येते, याचा पुरावाही त्याच टाळेबंदीत दडलेला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा दर्जाचे इंधन आले. पेट्रोल आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली. रस्ते ओस होते म्हणून ते कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यासाठी एकाही माणसाचा रोज बुडाला नाही. मागे अनेक वर्षांची तयारी आणि एक ठाम तारीख होती. त्याआधी न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तोही बदल माझ्या पिढीने पाहिला आहे. सिग्नलला टॅक्सीमागे उभे राहिले की डोळे चुरचुरायचे. आता माझ्या नातीला ते सांगूनही खरे वाटत नाही. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकरी भट्ट्यांना स्वच्छ इंधनावर येण्यासाठी मुदत घालून दिली, तीही याच वाटेची आहे. त्यात लहान बेकरीवाल्याला नव्या भट्टीसाठी आर्थिक हात मिळाला पाहिजे, एवढीच माझी पुरवणी.

बसविषयी मी फार लिहीत नाही, पण ते राहून गेले तर पत्र अपुरे होईल. टाळेबंदीत अत्यावश्यक सेवेतल्या माणसांना बेस्टनेच कामावर नेले आणि आणले. बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपये झाले होते, ते मे २०२५ मध्ये १० रुपये करण्यात आले, आणि बेस्टचा स्वतःचा ताफा वर्षानुवर्षे आक्रसत आला आहे. थांब्यावर पाऊण तास उभा राहिलेला माणूस शेवटी हप्त्यावर दुचाकी घेतो. त्याला दोष देता येत नाही. हवेच्या आराखड्यात बसगाड्यांची संख्या हा आकडा आला पाहिजे आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी दिला गेला पाहिजे.

पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जाईल. त्याआधी वरीलपैकी निदान दोन गोष्टी, म्हणजे बांधकामांच्या गेटवरचे फलक आणि २०२० च्या आठवड्यांचा तुलनात्मक तक्ता, आपल्या अखत्यारीत होण्याजोग्या आहेत असे मला वाटते. तक्त्याच्या कामात मराठी मजकूर सोपा करून देण्यासाठी किंवा शाळांमध्ये तो समजावून सांगण्यासाठी एका निवृत्त शिक्षिकेचा उपयोग होणार असेल तर मी येईन. माझ्या ओळखीतले भूगोलाचे आणखी काही शिक्षकही येतील.

माझी २०२० ची वही आपल्या अभ्यासकांना पाहायची असेल तर मी ती स्वतः कार्यालयात आणून देईन. तिची झेरॉक्स काढून घ्यावी आणि मूळ वही मला त्याच दिवशी परत द्यावी, कारण तिच्या समासात यजमानांच्या औषधांच्या वेळा आहेत आणि डॉक्टर अजूनही कधी कधी त्या मागतात.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
चेंबूर, मुंबई